गुप्त नगरीचा नैतिक हिशेब : टॉल्किन यांच्या गोंडोलिनविषयी

अद्भुतरम्य साहित्यावर आपल्याकडे नैतिक आक्षेप घेतला जातो तेव्हा तो बहुधा एकाच शब्दात सामावलेला असतो : 'पलायनवाद'. वास्तवाकडे पाठ फिरवून मनाला सोयीचे जग उभारणे हा लेखकाचा दोष आणि त्या जगात रमणे हा वाचकाचा दोष, अशी ही दुहेरी फिर्याद असते. जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांविषयी जे व्याख्यान दिले, त्यात या आक्षेपाला उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. तुरुंगातून निसटू पाहणारा कैदी आणि रणांगण सोडून पळणारा सैनिक यांची टीकाकार गल्लत करतात, हा त्या उत्तराचा गाभा होय. उत्तर प्रभावी आहे. परंतु ते पुरेसे आहे काय? कैद्याने निसटणे समर्थनीय मानले, तरी निसटल्यानंतरच्या त्याच्या वर्तनाविषयी हे उत्तर मौन बाळगते. मागे राहिलेल्यांचे तो काही देणे लागतो की नाही? बाहेर पडून त्याने एखादे सुंदर घर बांधले आणि त्याचा पत्ता कोणालाही कळू दिला नाही, तर त्या घराचे नैतिक मोल काय ठरवायचे? टॉल्किन यांच्या व्याख्यानाने हा प्रश्न सोडून दिला असला, तरी त्यांच्या कथेने तो सोडलेला नाही. एल्फ लोकांच्या गोंडोलिन या नगरीची कथा मला या प्रश्नाची कथा वाटते, आणि प्रस्तुत लेखात मी ती त्या दृष्टीने वाचणार आहे.

प्रथम संहितेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. गोंडोलिनच्या पाडावाची कथा टॉल्किन यांनी प्रथम १९१६-१७ मध्ये, सोमच्या लढाईतून आजारी होऊन इंग्लंडला परतल्यानंतर लिहिली; १९२० साली ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजमधील निबंध मंडळापुढे ती वाचलीही. पुढे ती अनेकदा नव्याने हाती घेतली गेली आणि अनेकदा अर्धवट राहिली. १९७७ च्या 'सिल्मारिलियन'मधील पाठ हा पुत्र ख्रिस्तोफर यांच्या संपादनातून सिद्ध झालेला आहे. पहिला पाठ वाचकांना १९८४ मध्ये उपलब्ध झाला, आणि सर्व पाठ एकत्र असे पुस्तक २०१८ मध्ये आले. म्हणजे 'गोंडोलिनची कथा' असे एकवचन वापरताना आपण एका गृहीतकाला वाचा देत असतो. पुढील विवेचनात मुख्यत्वे १९७७ चा पाठ आधाराला घेतला आहे. जेथे पाठभेदामुळे नैतिक प्रश्नाचे वजनच बदलते, तेथे तसा उल्लेख केला आहे.

कथाभाग थोडक्यात असा. देवतुल्य शक्तींच्या पश्चिमेकडील भूमीतून नोल्दोर एल्फ बंड करून मध्यभूमीत आले आहेत. उत्तरेला मॉरगॉथ या महाशत्रूचे राज्य आहे. नोल्दोरांचा एक राजा तुर्गोन, जलदेवता उल्मो हिच्या मार्गदर्शनाने, पर्वतवलयाने वेढलेले एक अज्ञात खोरे शोधतो. त्यातील टेकडीवर बावन्न वर्षे गुप्तपणे श्रम करून पांढऱ्या दगडांची नगरी उभारतो, आणि आपली सगळी प्रजा घेऊन एके दिवशी तेथे नाहीसा होतो. सुमारे चारशे वर्षे ही नगरी शत्रूला सापडत नाही. अखेर ती सापडते आणि एका उत्सवाच्या पहाटे जळून जाते.

या नगरीविषयी लक्षात घेण्याजोगी पहिली गोष्ट अशी की ती मुळात एक प्रतिकृती आहे. नोल्दोरांनी मागे सोडलेल्या तिरिओन नगरीच्या स्मरणातून तुर्गोन ती रचतो. पश्चिमेकडील नष्ट झालेल्या दोन तेजस्वी वृक्षांच्या प्रतिमाही तो तेथे घडवतो. एक सोन्याचा, एक चांदीचा. जे झाड वाढत होते, फुलत होते आणि मेले, त्याच्या जागी कधीच न मरणारे झाड येते. निर्वासिताच्या स्मृतीतून नगरी उभी राहणे आपल्याला अपरिचित नाही. 'मेघदूता'तील अलकेचे वर्णन निर्वासित यक्षाच्याच तोंडी आहे, आणि अलका इतकी निर्दोष दिसते ती तो तिच्यापासून दूर असल्यामुळेच. मात्र यक्षाचा शाप वर्षाचा आहे. रामगिरीवर तो दुसरी अलका बांधायला घेत नाही. तुर्गोनला परतीचा मार्ग नाही. म्हणून त्याची स्मृती दगड आणि धातू यांच्या आश्रयाला जाते. (जाता जाता : 'एल्फ' या शब्दाला मराठीत प्रतिशब्द शोधताना यक्ष आणि गंधर्व हे दोन्ही शब्द मोह घालतात. 'गंधर्वनगरी' तर आयती हाताशी आहे. पण गौडपादांच्या कारिकांपासून तो शब्द मिथ्यात्वाचा दृष्टांत म्हणून रूढ झाला आहे, आणि गोंडोलिन कथेच्या जगात मिथ्या नाही. तिच्या दगडांखाली माणसे चिरडली जातात. त्यामुळे मी 'एल्फ' तसाच ठेवतो.)

आता या नगरीचा कायदा. जो गोंडोलिनला पोचला, त्याने तेथून जायचे नाही. हा कायदा क्रूर हेतूने केलेला नाही. गुप्ततेचा स्वभावच असा की तिचे वाटे करता येत नाहीत. एक माणूस बाहेर गेला की संपूर्ण रहस्य त्याच्याबरोबर बाहेर जाते. त्यामुळे एकाचे स्वातंत्र्य आणि हजारोंचे प्राण असा तराजू मांडला की कायदा समर्थनीय वाटू लागतो. परिणामवादी नीतिशास्त्राला येथे फार काळ थांबण्याचे कारण पडणार नाही. परंतु कायद्याचे नैतिक स्वरूप तो कोणत्या हेतूने केला यावरून जसे कळते, तसे तो कोणाला लागू होतो आणि कोणाला नाही यावरूनही कळते. राजाची बहीण अरेधेल हिला नगरीत दोनशे वर्षे राहिल्यावर कोंडल्यासारखे वाटू लागते. ती जाण्याची परवानगी मागते, आणि राजा नाखुशीने का होईना ती देतो. तिचा शोध घेत नगरीपर्यंत आलेल्या तिच्या पतीला, एओलला, ती मिळत नाही. त्याच्यापुढे दोनच पर्याय ठेवले जातात : येथे राहा किंवा येथे मर.

एओल हे पात्र सहानुभूतीला पात्र ठरू नये अशा बेताने रेखाटलेले आहे. त्याने अरेधेलला आपल्या अंधाऱ्या अरण्यात मोहिनी घालून ओढले. पत्नी आणि मुलगा यांच्यावर तो मालकी सांगतो. राजाने पुढे केलेला नातेवाइकाचा हात तो झिडकारतो. आणि शेवटी मुलावर विषारी भाला फेकतो, जो आई आपल्या अंगावर घेते. हे सगळे मान्य करूनही त्याने राजाच्या तोंडावर मांडलेला मुद्दा शिल्लक राहतो. ही भूमी आमची, तुम्ही येथे युद्ध घेऊन आलात, मग येथे सीमा आणि कायदे ठरवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असा त्याचा आशय आहे. तुर्गोनचे उत्तर असे की नोल्दोरांच्या तलवारी शत्रूला अडवून आहेत म्हणूनच तू तुझ्या अरण्यात मोकळा हिंडतो आहेस; एरवी शत्रूच्या खाणीत गुलाम झाला असतास.

माझ्या मते संपूर्ण कथेतील नैतिकदृष्ट्या सर्वांत बोलका क्षण हा आहे, आणि टीकाकारांनी त्याच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. तुर्गोनचे विधान वस्तुस्थिती म्हणून खरे आहे. नोल्दोरांच्या तलवारी शत्रूला खरोखरच अडवून होत्या. पण त्या तलवारी कोणाच्या होत्या? उत्तरेच्या उघड्या मैदानावर वेढा धरून बसलेल्या त्याच्या पित्याच्या, भावाच्या, चुलत्यांच्या पोरांच्या. तुर्गोनची स्वतःची तलवार त्या वेळी कित्येक पिढ्यांपासून म्यानात होती. एओलवर तो जे ऋण लादतो, त्याच ऋणात तो स्वतः आकंठ बुडालेला आहे. दोघेही इतरांनी राखलेल्या शांततेत आपापल्या आवडीच्या वस्तू घडवत बसलेले दोन कारागीर आहेत. एकाजवळ सिंहासन आहे एवढाच फरक. कायदा अन्यायकारक आहे की नाही या वादापेक्षा मला ही गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते : गोंडोलिनची सुरक्षितता ही पर्वतांनी दिलेली नव्हती, ती बाहेरच्यांनी दिलेली होती, आणि नगरीला याचा विसर पडला होता.

विसर पूर्ण नव्हता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. बाहेरचा वेढा ४५५ व्या वर्षी मोडला तेव्हा तुर्गोनने वेळ आलेली नाही असे मानले. पण ४७२ मध्ये, कोणी बोलावले नसताना, तो दहा हजारांचे सैन्य घेऊन रणांगणावर उतरला. ती लढाई हरली गेली. माघारीच्या वेळी हुरिन आणि हुओर हे दोन मानव बंधू आपल्या माणसांसह दलदलीच्या तोंडाशी उभे राहिले आणि तुर्गोनला वाट करून दिली. हे दोघे तरुणपणी गरुडांच्या पाठीवरून गोंडोलिनला पोचले होते. जवळजवळ वर्षभर राहिले होते. मार्ग ठाऊक नसल्यामुळे राजाने त्यांना जाऊ दिले होते. आणि गुप्ततेची शपथ त्यांनी घरातही पाळली होती. हुओर त्या दलदलीतच पडला. हुरिन जिवंत सापडला. मॉरगॉथला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती : तुर्गोनचा ठिकाणा. तो त्याने सांगितला नाही. म्हणून त्याला पर्वताच्या उंच कड्यावर दगडी आसनात बसवण्यात आले आणि त्याच्या बायकामुलांवर कोसळणारा शाप शत्रूच्या डोळ्यांनी पाहायला लावण्यात आले. अठ्ठावीस वर्षे.

गोंडोलिनचा हिशेब मांडायचा तर तो येथून मांडावा लागेल. नगरीच्या आत सोन्याचांदीची झाडे उभी आहेत, कारंजी आहेत, राजकन्या इद्रिल आहे. आणि नगरीबाहेर, कोणाच्याही दृष्टीस न पडणारा, तिच्या गुप्ततेचा खरा रक्षक दगडाला खिळलेला आहे. अर्सुला ले ग्विन यांच्या १९७३ मधील ओमेलासच्या कथेशी येथे तुलना सुचेल. पण ती फार ताणू नये. ओमेलासमध्ये दुःखी मूल नगरीच्या तळघरात असते आणि ते तेथे आहे हे प्रत्येक नागरिकाला ठाऊक असते. तेथील सुख निदान जाणते आहे. गोंडोलिनमध्ये किंमत मोजणारा बाहेर आहे, आणि त्याच्याकडे पाहावे लागू नये अशीच नगरीची रचना आहे.

अखेर मॉरगॉथ हुरिनला सोडून देतो. दयेने अर्थातच नव्हे. म्हातारा हुरिन एकटा पर्वतवलयाच्या पायथ्याशी येतो. द्वार बंद आहे. गरुडांचा राजा थोरोंडोर त्याला पाहतो आणि तुर्गोनला खबर देतो. तुर्गोनचा आधी विश्वासच बसत नाही. मग तो म्हणतो तो एवढेच, की हुरिनदेखील शत्रूला शरण गेला असला पाहिजे. थोरोंडोर निघून गेल्यावर राजा बराच वेळ विचार करतो, जुने दिवस आठवतो, त्याचे मन पालटते, आणि तो गरुडांना शोधासाठी पाठवतो. उशीर झालेला असतो. तोपर्यंत हुरिनने त्या मुक्या कड्यांपुढे उभे राहून तुर्गोनच्या नावाने आक्रोश केलेला असतो, आणि पाळतीवर असलेल्या हेरांनी तो ऐकलेला असतो. नगरी कोणत्या प्रदेशात आहे हे शत्रूला प्रथम कळते ते या हाकेमुळे.

यातील कार्यकारणभाव नीट पाहावा. तुर्गोनची शंका अवाजवी नव्हती. शत्रूने सोडलेला माणूस संशयास्पद असतोच. गुप्ततेच्या तर्कशास्त्रानुसार दार न उघडणे हाच योग्य निर्णय होता. आणि नेमक्या त्या योग्य निर्णयाने रहस्य फुटले. कृतघ्नतेची शिक्षा म्हणून हे घडले असा सरळ नीतिबोध मी येथे काढत नाही. टॉल्किन यांची कथा तितकी बाळबोध नाही. मला अभिप्रेत आहे ते असे की ज्या नगरीचे रक्षण बाहेरच्या माणसाच्या निष्ठेवर अवलंबून आहे, त्या नगरीला त्या माणसाला परका मानणे परवडत नाही; परंतु गुप्तता टिकवायची तर त्याला परका मानण्यावाचून गत्यंतरही नाही. हा पेच राजाच्या स्वभावदोषातून उद्भवलेला नाही. तो नगरीच्या घडणीत आहे.

एम.ए.च्या वर्गात हा भाग शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले होते, की राजाने प्रत्येक वेळी दार उघडले असते तर शहर आधीच पडले नसते का? मग नैतिकतेने साधले काय असते? प्रश्न बिनतोड होता, आणि त्या दिवशी मी दिलेले उत्तर मला स्वतःला पटले नव्हते. आज एवढे म्हणता येईल की कथेत लपण्याला कोठेही दोष दिलेला नाही. लपायला सांगणारी देवता उल्मोच आहे. पण तिने सुरुवातीलाच दोन गोष्टी बजावल्या होत्या : आपल्या हातांनी घडवलेल्या वस्तूंवर अतोनात प्रेम जडू देऊ नकोस, आणि संकटाच्या आधी एक दूत येईल त्याचे ऐक. हुओरचा मुलगा तुओर हा तो दूत. ४९५ मध्ये तो येतो आणि नगरी सोडून समुद्राकडे जाण्याचा निरोप देतो. तुर्गोन नकार देतो. एवढेच नव्हे तर पर्वतातील गुप्त द्वार कायमचे बुजवून टाकतो आणि शांततेच्या वा युद्धाच्या कोणत्याही कामासाठी कोणी बाहेर जाऊ नये असा हुकूम काढतो. आश्रय हे साधन होते, ते आता साध्य झाले. १९१६-१७ च्या पाठात हा नकार आणखी जड आहे. तेथे बाहेरचे बहुतेक एल्फ शत्रूचे गुलाम आहेत, गोंडोलिनचे लोक तेवढे निसटलेले आहेत, आणि देवतेचा निरोप प्रथम लढाईचा आहे. निसटलेल्या कैद्याने मागे राहिलेल्यांसाठी परत फिरावे, अशी ती सरळ मागणी आहे. नुकतेच खंदकांतून सुटून आलेल्या, आणि जवळचे मित्र मागे गमावलेल्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या अधिकाऱ्याने ही मागणी लिहिली, एवढे नमूद करून थांबतो. रूपककथा शोधण्याची हौस टॉल्किन यांना नापसंत होती आणि या बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे.

तरीही मराठी समीक्षेच्या अभ्यासकाला या नगरीत एक ओळखीचा वाद दिसल्याशिवाय राहत नाही. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) पासून रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'पर्यंत (१९७४) आपण सौंदर्याच्या स्वायत्ततेचा वाद घातला; अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये ये-जा केली. त्या वादात कलाकृतीच्या सीमा कोठे आखायच्या याची चर्चा पुष्कळ झाली. सीमा राखण्याचा खर्च कोण करतो, ही चर्चा त्या मानाने थोडी झाली. गोंडोलिन म्हणजे स्वायत्त कलाकृतीचे रूपक, असे मी म्हणत नाही. कलाकृती वाचकाला कोंडून ठेवत नाही, आणि कविता वाचून बाहेर पडणाऱ्याला कोणी कड्यावरून ढकलत नाही. पण स्वायत्ततेचा युक्तिवाद करताना ज्या अलिप्ततेला आपण गृहीत धरतो, ती अलिप्तता लौकिकातच कोणीतरी पुरवलेली असते, हे या कथेने माझ्यापुरते तरी स्पष्ट केले. ग्रंथालयाच्या शांत खोलीत बसून सौंदर्यशास्त्रावर लिहिणाऱ्या प्राध्यापकालाही ते लागू आहे.

उरला माइग्लिन. एओल आणि अरेधेल यांचा हा मुलगा शत्रूच्या हाती सापडतो, यातनांच्या धाकाने नगरीचा नेमका ठिकाणा सांगतो, आणि बदल्यात राज्य व इद्रिल यांचे आश्वासन घेतो. कथेचा दोषारोप त्याच्यावर स्थिरावतो, आणि टॉल्किन यांच्याशी माझा मतभेद होतो तो येथे. माइग्लिनचा फितुरपणा त्याच्या रक्तातच होता, अशी सूचना कथा वारंवार करते : काळोख्या अरण्यातला बाप, निषिद्ध अभिलाषा, मरणाऱ्या बापाची शापवाणी. फितूर 'मुळातच परका' होता असे ठरले की नगरी निर्दोष राहते. पण ज्या मुलाच्या डोळ्यांदेखत नगरीच्या कायद्यापायी आई मेली आणि बाप कड्यावरून लोटला गेला, आणि जो नंतर त्याच नगरीचा मानकरी म्हणून वाढला, त्याच्या निष्ठेविषयी प्रश्न विचारायचा तर तो फक्त त्यालाच विचारून भागणार नाही. शिवाय हुरिनने अठ्ठावीस वर्षे जे सांगितले नाही ते माइग्लिनने धाकानेच सांगितले, ही तुलना कथा करू देते. पण हुरिन नगरीत वर्षभर पाहुणा होता आणि त्याला जाऊ दिले होते, तर माइग्लिनला जाण्याची मुभा कधीच नव्हती, हा फरक ती अधोरेखित करत नाही.

इद्रिलने मात्र तो केव्हाच ओळखला असावा. नगरीच्या खालून मैदानापलीकडे निघणारा एक भुयारी मार्ग ती गुपचूप खणवून घेते. मोजक्यांनाच ते ठाऊक असते, माइग्लिनला मुळीच नाही. ५१० मध्ये जे थोडे लोक वाचले ते या मार्गाने. पहिल्या पाठात जुन्या सुटकेच्या वाटेवर विसंबलेल्यांची गाठ तिच्या तोंडाशी शत्रूशीच पडते. गुप्त नगरीच्या पोटात आणखी एक गुपित, राजाच्या हुकमाविरुद्ध, आणि तेही सगळ्यांना न सांगितलेले! ज्या प्रजेला त्या मार्गाचा पत्ता नव्हता तिच्या बाजूने पाहिले, तर इद्रिलही वडिलांच्याच तर्काने वागली असे म्हणावे लागते. एकाला सांगितले की सर्वांना कळते. तिच्या भुयाराचे तोंड बाहेरच्या दिशेला होते, एवढ्यावरून तिला वेगळा न्याय लावावा काय, याविषयी माझे मत अजून पक्के झालेले नाही. १९५१ च्या सुमारास टॉल्किन यांनी ही कथा विस्ताराने पुन्हा लिहायला घेतली होती. त्या लेखनात तुओर एकामागून एक सात दारे ओलांडतो. दाराशीच परतलेला वोरोन्वे आणि त्याचा मित्र असलेला रक्षक यांच्यात, परक्याला आत आणण्यावरून, कायद्याचा पेच उभा राहतो आणि तो तपशिलात रंगवला जातो. शेवटचे दार उघडते, बर्फाच्छादित खोऱ्यात दूरवर नगरी दिसते, आणि तेथे हस्तलिखित थांबते. इद्रिलचे भुयार त्या पाठात कसे आले असते, ते खणणाऱ्यांची मते काय असती, हे त्यामुळे पहिल्या पाठावरून आणि १९७७ च्या संक्षेपावरूनच ठरवावे लागते.